गोड्या पाण्यातलं स्थळ

"आता मुताचेही मार्क भेटतात का वं बारावीले?" नीरजा हसत म्हणाली आणि खोकल्याच्या औषधाची उकळून घेतलेली रिकामी बाटली घेऊन न्हाणीत गेली.

पुष्पांजलीनं दाराबाहेरून सांगितलं, "पहिली धार सोडून देजो ताई. मधली पाह्यजे."

"माय वो! धारेचंही शास्त्र हाये!"

ही वेळ आली ती पाळीमुळं. बारावीच्या प्रॅक्टिकलला तीन आठवडे राहिले होते. लघवी तपासायचा प्रयोग अकरावीत राहून गेला होता, कारण अकरावीत कॉलेजात जीवशास्त्राला शिक्षकच नव्हता. यंदा तासिकेवर अनंत सर आले होते, शेगावहून रोज मोटरसायकलनं. ते म्हणाले, बाहेरचा परीक्षक काहीही विचारतो, उजळणीत हाही प्रयोग उरकून घेऊ, ज्यानं त्यानं आपापला नमुना घेऊन या. पुष्पांजलीला आदल्या दिवशीच पाळी आलेली. पाळीचं रक्त मिसळलं तर प्रयोग चुकतो हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं मोठ्या बहिणीकडं मागितली. दोघी एका गोधडीत झोपणाऱ्या. त्यात लाजायचं काय?

नीरजा एकवीस वर्षांची. तिचं लग्न जमलं होतं, फेब्रुवारीतली तारीख धरली होती. मुलगा डोणगावचा, नाव ज्ञानेश्वर, खता-बियाण्यांचं दुकान. पण घरात कोणी मुलाचं दुकान सांगत नसे. घरात, गल्लीत, देवळापुढं एकच गोष्ट सांगितली जायची: स्थळ गोड्या पाण्यातलं आहे.

हे समजायचं तर या गावचं पाणी प्यायला पाहिजे. संग्रामपूरपासून नऊ किलोमीटरवरचं गाव, खारपाणपट्ट्यातलं. जमिनीखालचं पाणी खारट. हापशीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो, पाण्याच्या गुंडाला आतून पांढरी खपली धरते. नळाची योजना आली, नारळ फुटला, फोटो निघाले. नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा, पुरतं दोन दिवस. उरलेले पाच दिवस माणसं हापशीचं पितात आणि मरतात. आधी पायावर सूज, मग तोंडावर, मग ओकाऱ्या, मग अकोल्याच्या फेऱ्या, मग तिरडी. आजाराला कोणी नाव देत नाही. 'त्याले किडनी झाली' म्हणतात, जशी काही माणसाला ती जन्मतः नसतेच, या गावात राहिल्यावर होते.

घाटावरच्या, गोड्या पाण्याच्या तालुक्यांतले लोक या गावात मुली देत नाहीत. इथल्या मुली करून नेतात, पण बैठकीत पहिला चहा यायच्या आत विचारतात, "घरात कोणाले किडनी?" नीरजाचे वडील भगवानराव, त्यांच्या सख्ख्या भावाला, निवृत्तीला, झाली होती. दीड वर्षात तो गेला. डोणगावकरांना सांगितलं, हार्ट अटॅक. बैठकीतल्या गावच्या पाचही माणसांनी माना हलवल्या. अशा वेळी गाव एक होतं. नळाच्या पाण्यासाठी नाही होत, खोट्यासाठी होतं.

कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची खोली. काचेच्या बरणीतला बेडूक कधीचा वाळून चामडं झालेला, दोन स्पिरिटचे दिवे चालू. वर्गात पटावर साठ नावं, उजळणीला आलेली चार पोरं. बाकीची अकोल्याला क्लासमध्ये. नाव इथं, मुक्काम तिथं.

अनंत सरांनी तीन नळ्या मांडल्या. एकीत स्वतःचा नमुना. "हा नॉर्मल. मी फिल्टरचं पाणी पितो, लाजू नका, बघा." दुसरीत त्याच नमुन्यात त्यांनी अंड्याचा पांढरा बलक कालवला. "अल्ब्युमिन आलं की असं दिसतं, ते दाखवायला." तिसरी रिकामी, ज्याच्या त्याच्या नमुन्यासाठी.

"वरचा भाग तापवा. गढूळ झालं तर घाबरायचं नाही. दोन थेंब अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड टाका. विरलं तर फॉस्फेट. नाही विरलं तर अल्ब्युमिन. किडनी म्हणजे चाळणी आहे पोरांनो, चाळणी फाटली की पीठ खाली येतं. समजलं?"

पुष्पांजलीनं नळी चिमट्यात धरून तापवली. वरचा भाग पांढरा झाला. तिनं दोन थेंब टाकले. विरलं नाही. आणखी दोन टाकले. पांढरं आणखी घट्ट झालं.

सर मागून आले. "अंड्याची नळी घेतलीस तू."

"नाही सर. ती तिकडं हाये."

"मग नळीला अंडं लागलेलं असेल. धू, परत कर."

तिनं नळी साबणानं घासली, तीनदा विसळली, परत केलं. परत तेच. अंड्याच्या नळीशेजारी धरली तर कोणती अंड्याची हे सांगता आलं नसतं. मागच्या बाकावरचा राजकुमार म्हणाला, "सर, पुष्पानं सकाळीच ऑम्लेट खाल्लं वाटते!" दोघंजण हसले. सर हसले नाहीत.

"नमुना कोणाचा आहे?"

"माझा," पुष्पांजली म्हणाली. तोंडातून आपोआप निघालं. या गावच्या पोरी बहिणीचं लग्न बोलायला शिकायच्या आधी सांभाळायला शिकतात.

सरांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग चपलेतल्या पायांकडं. "घरी सांग. दवाखान्यात दाखव. रक्तातलं क्रिएटिनिन करा म्हणावं. पुढं ढकलू नको."

"सर, जर्नलमध्ये काय लिहू?"

"अल्ब्युमिन अ‍ॅब्सेंट लिही. प्रयोगातला नमुना नॉर्मलच धरतात."

"पण दिसलं ते..."

"दिसलं ते दवाखान्यात सांगायचं, पोरी. जर्नलमध्ये उत्तर लिहायचं."

सर चांगले होते. तासाला मिळतील तेवढ्या पैशावर रोज चाळीस किलोमीटर येत होते. पण तेही हेच शिकवून गेले. पुष्पांजलीनं सुवाच्य अक्षरात निरीक्षणाच्या रकान्यात अ‍ॅब्सेंट लिहिलं आणि खाली पट्टीनं रेघ मारली.

घरी आली तर नीरजाचं गडंगनेर, म्हणजे लग्नाआधीचं केळवण, चाललं होतं. शेजारच्या बेबीताईनं तिला पाटावर बसवून पुरणपोळी वाढली होती, बाया गोळा झाल्या होत्या.

"लग्न जमलं तशी पोरगी भरली वं," बेबीताई म्हणाली. "गाल पाय कसे वर आले!"

"डोणगावचा वारा लागला, आतापासूनच!" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

पुष्पांजली पाहतच राहिली. ते गाल तिनंही महिनाभर पाहिले होते. सकाळी फुगलेले, दुपारपर्यंत उतरणारे. तिलाही ते लग्नाचं तेजच वाटलं होतं. बाया गेल्यावर ती नीरजाच्या पायाशी बसली आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला.

"काय करून राह्यली वं?"

"काही नाही. परीक्षेचं."

तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा नमुना नेला. या वेळी नळीत दह्यासारखं बसलं. सरांनी लांबूनच पाहिलं, "दाखवलं का?" विचारलं. ती "हो" म्हणाली.

त्या दुपारी भगवानराव ओसरीवर मांडववाल्याशी बोलून मोकळे झाले, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. बाटली, नळी, पायावरचा खड्डा. भगवानराव ऐकत राहिले. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा:

"कोणाकोणाले सांगतलं?"

"कोणालेच नाही. सरले वाटते माझीच हाये."

"बरं केलं."

"बाबा, शेगावले नेऊ तिले. एक रक्ताची तपासणी..."

"शेगावात आपल्या गावचे दहा माणसं रोज राह्यतात. रांगेत पोरगी दिसली का संध्याकाळच्या आत डोणगावले फोन."

"मंग अकोल्याले."

"अकोल्याले तर किडनीवालेच जातात!" भगवानरावांचा आवाज चढला, मग त्यांनीच तो खाली आणला. "पुष्पे, तिले गोड्या पाण्यातच देऊन राह्यलो ना मी? याच्याहून मोठी दवा कोणती? निवृत्तीची छकुली पाह्य. मेहकराकडं दिली. इथं असताना कशी पिवळीफट्ट होती. आता दोन लेकरं झाली, टमाट्यासारखी दिसते."

"छकुलीताईले कधी किडनी नव्हतीच, बाबा."

"तुले काय माईत? खारानं जळलेली कपाशी पाह्यली ना तू? वरून एक चांगला पाऊस पडला, मीठ खाली गेलं, का पंधरा दिवसात हिरवी होते. कपाशी सुधरते, तर माणूस काऊन नाही सुधरणार?"

भगवानराव दुष्ट माणूस नव्हते. दुष्ट असते तर गोष्ट सोपी होती. पुष्पांजलीनं त्यांना शिव्या दिल्या असत्या आणि नीरजाला हाताला धरून एसटीत बसवलं असतं. ते मनापासून बोलत होते. सगळं गावच हे मनापासून मानत होतं. खाऱ्या पाण्यानं बिघडलेलं गोड्या पाण्यानं दुरुस्त होतं. ज्या गावाला सरकारनं चाळीस वर्षांत एक घोट धड पाणी दिलं नाही, त्या गावानं पाण्यालाच देव केलं, औषध केलं, आणि पोरी त्या देवाकडं लग्नानं पाठवल्या.

आतून आई, वच्छलाबाई, म्हणाल्या, "तुही परीक्षा हाये माय, तू वाच. ताईचं आमी पाहू."

राहिली नीरजा. पुष्पांजलीनं तिला शेतात गाठलं, हरभऱ्याचे घाटे तोडताना. सांगितलं. नीरजानं चार-पाच घाटे सोलून खाल्ले. पोरगी घाबरल्यावर खाते, लहानपणापासूनच.

"निवृत्तीकाकासारखं?"

"तसं नाही अजून. पण तपासलं पाह्यजे, ताई. आत्ता."

"लग्न मोडंन."

"मोडू दे."

"तुले काय जाते वं म्हणाले!" नीरजा एकदम उसळली. "तू शिकशीन, नर्सिंगले जाशीन, इथून जाशीन. मले दुसरी गाडी नाही. मोडलं का माह्या नावावर शिक्का बसला. मंग कोणी बिजवर पाह्यतीन, नाही तर इथंच हापशीवर गुंड भरत मरीन. काकाच्या तोंडाचा वास आठवते का तुले? शेवटी त्याच्या खोलीत मीच जात होतो. तुमी कोणी नोते येत. मले या गावात नाही मरायचं."

मग नीरजानं हळूच विचारलं, "दोन-तीन महिन्यांनं काय होते? डोणगावले गेली का मी ज्ञानेश्वरले सांगतो, दाखवतो. तोवर गोडं पाणी पोटात जाईन. तू खरं सांग. बाबाचं नको सांगू, पुस्तकाचं सांग. पाण्यानं थांबते का?"

पुस्तक पुष्पांजलीला पाठ होतं. एका मूत्रपिंडात दहा लाख गाळण्या. गेलेली गाळणी परत येत नाही. हे सरांनी फळ्यावर दोनदा लिहिलं होतं. चांगल्या पाण्यानं निरोगी माणूस निरोगी राहतो. फाटलेली चाळणी पाण्यानं शिवली जात नाही. हे तिला इतकं स्पष्ट ठाऊक होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं इंग्रजीत सांगितलं असतं.

समोर बहीण उभी होती. हिरव्या सालीनं बोटं काळी झालेली, डोळे सुजलेले, आणि त्या डोळ्यांत एवढीशी जागा ठेवलेली, होकार ठेवायला.

"फरक पडते," पुष्पांजली म्हणाली. "पाणी चांगलं असलं का फरक पडते."

"मंग झालं," नीरजा म्हणाली, आणि ओटीतले घाटे तिच्या ओंजळीत ओतले.

बापाच्या शब्दावर नीरजा गेली नसती. कपाशीच्या गोष्टी तिनंही लहानपणापासून ऐकल्या होत्या, त्यांची किंमत तिला ठाऊक होती. ती गेली बहिणीच्या शब्दावर. घरात विज्ञान शिकलेलं एकच माणूस होतं, आणि त्या माणसानं सांगितलं होतं.

प्रॅक्टिकलचा परीक्षक दहाला यायचा तो साडेबाराला आला. प्राचार्यांच्या खोलीत कोंबडीचा रस्सा होता. तीन वाजता त्यानं साठ पोरांना रांगेत उभं केलं; अकोल्याचीही त्या दिवशी उगवली होती. लघवीच्या प्रयोगाला बरणीत चहाची पत्ती उकळून गाळलेलं पाणी ठेवलं होतं, कारण खरा नमुना कोणी हातात धरत नाही. पुष्पांजलीनं चहाचं पाणी तापवलं. ते स्वच्छ राहिलं. तिनं अ‍ॅब्सेंट लिहिलं. परीक्षकानं तोंडाकडं न पाहता सही केली. साठांपैकी साठ जणांना तीसपैकी तीस पडले. त्यांतली चौघं शिकली होती. ती कोणती, हे त्या गुणपत्रिकेवरून कोणाला कधी कळणार नाही.

आठ दिवसांनी लग्न झालं. कासारानं चुडा भरताना मापाच्या बांगड्या आत जाईनात, मोठ्या मापाच्या काढल्या. कंबर दुखते म्हणून नीरजानं तीन दिवस मेडिकलमधल्या गोळ्या खाल्ल्या. फोटोत ती गुबगुबीत, सुंदर दिसते. पाठवणीला आई रडली, बेबीताई रडली. पुष्पांजली रडली नाही. तिला वाटलं, आता ज्ञानेश्वर पाहील. तसं वाटून घेणं सोयीचं होतं, समोर भौतिकशास्त्राचा पेपर होता.

मार्चात जीवशास्त्राच्या आदल्या दिवशी सकाळी ती दारात खाट टाकून मानवी प्रजननाचा धडा शेवटचा वाचत होती. आत वच्छलाबाईंचा फोन वाजला. नीरजाची सासू, सिंधूताई. आवाज एवढा मोठा की फोन कानाला लावायची गरज नव्हती.

"इहीनबाई, पेढे आणून ठेवा! तुमच्या पोरीले चार दिवसापासून ओकाऱ्या होऊन राह्यल्या. काई पचतच नाई. काई घशाखाली उतरत नाई. मी म्हटलं, महिना नाई झाला तं पोरीनं नंबर लावला!"

वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. डोळ्यांत पाणी. "गजानन महाराजानं ऐकलं वो माय. दवाखान्यात नेलं का?"

"कशाले? पहिल्यांदा सगळ्याईले होते. लिंबू देऊन राह्यली मी चोखाले."

पुष्पांजलीच्या हातातलं पुस्तक मिटलं. आधी सूज, मग ओकाऱ्या. पुढचं तिला ठाऊक होतं. निवृत्तीकाकाच्या वेळी सगळ्यांनाच ठाऊक झालं होतं, आणि आज त्याच घरात पेढ्यांची गोष्ट चालली होती. तिनं आईच्या हातातून फोन घेतला, ओसरीवरून खाली उतरली, गोठ्यामागं गेली आणि नीरजाला लावला. सात-आठ वेळा लावल्यावर उचलला.

"ताई, तुले पाळी आली होती का लग्नानंतर?"

"हाव. मागच्या... मागच्या आठवड्यात." आवाज जड, झोपेतला. "सासूले सांगाले गेली होती मी. पण ते इतके खूश होते वं..."

"लघवी किती वेळा होते दिवसातून?"

"तुह्यं पुन्हा सुरू झालं."

"सांग, ताई."

"काल एकदा झाली. थोडीशी. चहासारखी." बोलताना तिला धाप लागत होती. "पुष्पे, मी रोज लय पाणी पिऊन राह्यली. इथलं पाणी खरंच गोड हाये. ओकली तरी पितो. पाण्यानं फरक पडते ना?"

"नाही पडत," पुष्पांजली म्हणाली. "मी खोटं बोलली होती. नाही पडत, ताई. पाणी नको पिऊ आता."

तिकडून फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला, आणि लांबून मिक्सर चालल्याचा.

मग तिनं ज्ञानेश्वरला लावला. तो दुकानात होता, मागं गिऱ्हाइकांचा गलका.

"भाऊजी, ताईले दिवस नाही गेले. ताईले किडनी हाये. आज, आत्ता दवाखान्यात न्या."

गलका तसाच. ज्ञानेश्वर बाहेर आला असावा. आवाज मोकळा झाला. "कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"अन् कोणाकोणाले माईत होतं?"

तिच्या बापानं जो विचारला होता, तोच प्रश्न.

"आमाले सगळ्याईले. तिलेही."

"म्हणजे मले सोडून सगळ्याईले."

"भाऊजी, भांडण मागून करा. मले मारा वाटल्यास. पण आज मेहकरले न्या, तिथं डॉक्टर..."

फोन तुटला. परत लागला नाही. आत वच्छलाबाई शेजारी सांगायला निघाल्या होत्या. पुष्पांजलीनं दारात आडवं होऊन त्यांना थांबवलं आणि काय केलं ते सांगितलं. वच्छलाबाईंनी तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग तिथंच उंबऱ्यावर बसल्या. भगवानराव संध्याकाळी आले, ऐकलं, आणि एवढंच म्हणाले, "मोडलं तू."

दुसऱ्या दिवशी ती पेपरला गेली. का गेली, हे विचारू नये. घरात बसून काय केलं असतं? तीन तास लिहिलं. पेपर चांगला गेला. स्वतःच्या हाताचा राग यावा इतका चांगला गेला.

काळीपिवळी जीपमधून उतरून गल्लीत वळली तर दारासमोर पांढरी बोलेरो उभी. दारं उघडी. भोवती अर्धं गाव, हात मागं बांधून, जनावरांच्या बाजारात उभं राहावं तसं. दारात सिंधूताई बोलत होत्या आणि त्यांचं बोलणं खोटं नव्हतं.

"आमी विचारलं होतं का नोतं? चहा घ्यायच्या आधी विचारलं होतं! देवाच्या फोटोखाली बसून तुमी हार्ट अटॅक सांगतला. माहेराचं दुखणं माहेरानं पाहावं. घ्या उतरून तुमची पोरगी."

भगवानराव मान खाली घालून उभे. उतरून कोणीच घेत नव्हतं. एकानं घेतलं असतं तर दुखणं त्याचं झालं असतं.

मागच्या सीटवर नीरजा आडवी होती, हिरवा शालू अंगावर पांघरलेला. डोणगावहून इथवर चार तास. वाटेत मेहकर लागतं, खामगाव लागतं, शेगाव लागतं. तिन्ही ठिकाणी दवाखाने आहेत, पाट्या रस्त्यावरून दिसतात. तिन्हींसमोरून ही गाडी सरळ निघून आली होती, कारण गाडी रोग्याला घेऊन निघाली नव्हती, तक्रार घेऊन निघाली होती.

पुष्पांजलीनं आत डोकं घातलं. श्वास खोल, घाईचा. तोंडाला तोच वास, काकाच्या खोलीतला. "ताई." नीरजानं डोळे अर्धे उघडले, परत मिटले. पापण्यांच्या पिशव्या झाल्या होत्या.

ज्ञानेश्वर गाडीच्या नाकाशी उभा होता, किल्ली बोटात फिरवत. पोरगा रात्रभर झोपलेला नव्हता, ते दिसत होतं.

"भाऊजी, गाडी चालवा. अकोल्याले."

त्यानं आईकडं पाहिलं.

"तिकडं नका पाहू. तिकडं पाह्यलं का ती मरते," पुष्पांजली म्हणाली. गर्दीकडं वळून ओरडली, "अन् तुमी काय पाहून राह्यले? तुमच्या घरी नाही हाये का? बेबीताई, तुह्या सासऱ्याले काय झालं होतं, अटॅक? सरका!"

गर्दी सरकली. माणुसकीनं नाही, आपल्या घरचं नाव निघेल या भीतीनं. ज्ञानेश्वर गाडीत बसला. सिंधूताई "ज्ञाना!" म्हणून ओरडल्या, त्यानं काच वर केली. पुष्पांजलीनं नीरजाचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी हलली तेव्हा भगवानराव पुढचं दार उघडून, धोतर सावरत, कसेबसे आत चढले.

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती, पुण्याकडची असावी. तिनं नीरजाच्या पायावर अंगठा दाबला, तोंडाजवळ वाकून वास घेतला, सिस्टरला भराभर काही सांगितलं. रक्त गेलं. अर्ध्या तासानं कागद आला. तो वाचून ती बाहेर आली.

"पोटॅशियम खूप वाढलंय. आत्ता डायलिसिसला घेतोय. हृदय कधीही थांबू शकतं, आधीच सांगते. नातेवाईक कोण?"

भगवानराव आणि ज्ञानेश्वर दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"मी," पुष्पांजली म्हणाली.

"आजार पहिल्यांदा लक्षात कधी आला?"

भगवानराव पटकन पुढं झाले. "आजच म्याडम. आमी खेड्यातले माणसं. आमाले काय समजते? अचानकच..."

"जानेवारीत," पुष्पांजली म्हणाली.

बापानं तिच्या दंडाला धरलं. तिनं सोडवून घेतलं.

"जानेवारीच्या सतरा तारखेला. हीट टेस्ट केली होती. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड टाकलं तरी विरलं नाही. दोनदा केली. तिसऱ्या दिवशी दह्यासारखं झालं. पायावर खड्डा पडत होता. लग्नात कंबरदुखीच्या गोळ्या खाल्ल्या तिनं, तीन दिवस. परवा दिवसभरात लघवी एकदा."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. कागदावर खाली घातलेलं डोकं तिनं वर केलं आणि कॉलेजच्या गणवेशातल्या, बोटांना शाई लागलेल्या पोरीकडं पाहिलं.

"हे सगळं तुला माहीत होतं?"

"हो."

"मग दोन महिने काय करत होतात तुम्ही लोक?"

भगवानराव भिंतीकडं पाहत राहिले. ज्ञानेश्वर मात्र भिंतीकडं पाहत नव्हता. तो पुष्पांजलीकडं पाहत होता, उत्तराची वाट पाहत, जणू त्यालाच तो प्रश्न विचारायचा होता आणि दुसऱ्या कोणी विचारला म्हणून बरं झालं.

"हे लग्न करून राह्यले होते," ती म्हणाली. "अन् मी अभ्यास."

डॉक्टरिणीनं कागदावर तारीख लिहिली. संमतीच्या जागी बोट ठेवून पेन पुढं केला. "अठरा पूर्ण झालेल्या कोणाची तरी सही लागेल."

पुष्पांजलीला सतरा चालू होतं. तिनं पेन घेतला आणि बापासमोर धरला. भगवानरावांनी हात पुढं केला नाही. त्यांना वाटलं असावं, सही केली की आजार खरा होईल. ज्ञानेश्वरनं तिच्या हातातून पेन घेतला, कागद भिंतीला टेकवला, सही केली, नात्याच्या रकान्यापाशी क्षणभर थांबला, 'पती' लिहिलं, आणि कोणाकडं न पाहता सरळ जिना उतरून गेला. तो परत येईल की नाही, हे त्या वेळी कोणालाच सांगता आलं नसतं.

आतून यंत्राचा आवाज सुरू झाला.